पिशवीतल्या गाठी: ऑपरेशनआधी एमआरआय हवाच का?

कोथरूडकरीण: माझी धाकटी जाऊ 38 वर्षांची, मूल हवंय. वर्षभर फार अंगावरून जातंय. सोनोग्राफीचा रिपोर्ट एका ओळीचा: गर्भाशय मोठं, अनेक फायब्रॉइड (म्हणजे स्नायूच्या गाठी). तेवढ्यावर एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी एमआरआय करवला. गाठी निघाल्या तीनच, मागची भिंत जाड होती ती अ‍ॅडिनोमायोसिसमुळे, म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरल्यामुळे. गाठ सोलून काढता येते. अ‍ॅडिनोमायोसिस भिंतीतच मुरलेलं, त्याला कड नसते. सगळा बेतच बदलला. पिशवी वाचवायची तर एमआरआय हवाच, असं माझं ठाम मत.

सदाशिवपेठी सोनोलॉजिस्ट: ताई, ‘हवाच’ मला पटत नाही. सोनोग्राफी पोटावरून झाली की आतून, म्हणजे योनीमार्गातून? आतून, सावकाश केली तर फायब्रॉइडची कड दिसते, रक्तप्रवाह तिच्याभोवतीनं फिरतो. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये रक्तवाहिन्या भिंतीतून आरपार जातात, स्नायूत बारीक सिस्ट दिसतात. गाठ पोकळीत किती घुसलीय, म्हणजे फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या वर्गीकरणात 0 (पूर्ण पोकळीत), 1 (निम्म्याहून जास्त पोकळीत) की 2 (निम्मी किंवा त्याहून कमी), हे सलाइन सोडून केलेल्या सोनोग्राफीत चांगलं कळतं. दोन-तीन गाठींसाठी हजारोंचा भुर्दंड कशाला? घाईत उरकलेल्या तपासणीचा दोष यंत्रावर नको.

कोथरूडकरीण: पोटावरूनच झाली होती. आतून करायचं कुणी विचारलंही नाही, याचाच राग येतो. पण डॉक्टर, पिशवी बेंबीपर्यंत आली, गाठींची दाटी झाली, की आतला प्रोब वरपर्यंत पोचतो का?

सदाशिवपेठी सोनोलॉजिस्ट: नाही पोचत. तिथे मीच एमआरआय लिहून देतो.

दौंडची लेक: आमच्याकडून पुण्याला एमआरआयला यायचं म्हणजे आईचा दिवस, माझी रजा. आईचा तर आधी सीटी केला, त्यातून काहीच उलगडलं नाही.

सदाशिवपेठी सोनोलॉजिस्ट: उलगडणार कसं? सीटीत गाठ आणि भोवतीचा स्नायू बरेचदा सारखेच दिसतात, वर किरणोत्सर्ग.

गायनॅकची निवासी डॉक्टर: कॅन्सरचं कुणीच बोललं नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं, दुर्बिणीतून गाठीचे तुकडे करणाऱ्या पॉवर मॉर्सेलेटरबद्दल इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या साधारण 350 जणींत एकीला सार्कोमा, म्हणजे गर्भाशयाचा एक कॅन्सर, असतो, असा त्यांचा अंदाज होता. तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो. डिफ्यूजन या खास प्रकारच्या एमआरआयनं संशय बळावतो किंवा कमी होतो; खात्री मात्र पॅथॉलॉजीतच. पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल तर खर्चाकडे बघू नका.

दौंडची लेक: आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गाठ मागच्या वर्षीपेक्षा मोठी आहे.

गायनॅकची निवासी डॉक्टर: ताई, मग जुने रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात दाखवा.