आधी व्होल्टेज, मग करंट, बॅटरी शेवटी

बेंच पॉवर सप्लायने (व्होल्टेज आणि करंटची मर्यादा हवी तशी लावता येणारा सप्लाय) बॅटरी चार्ज करण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय, "१२.६ व्होल्ट लावा आणि विसरून जा." तीन लिथियम-आयन सेलच्या पॅकसाठी आकडा बरोबर आहे, पण ते 'विसरून जा' मला पटलं नाही.

माझी पद्धत अशी: वायरी मोकळ्या ठेवून आधी व्होल्टेज सेट करायचं, तेही मल्टिमीटरने तपासून. सप्लायच्या डिस्प्लेवर माझा भरवसा नाही. एका सेलला ४.२० व्होल्टच्या जागी ४.३० गेले तरी त्याचं नुकसान होतं. मग दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून करंटची मर्यादा लावायची. २००० एमएएचच्या सेलला १ अँपिअर पुरे. बॅटरी शेवटी जोडायची, प्लस-मायनस दोनदा बघून. उलटी जोडली तर करंट लिमिट वाचवत नाही, कारण तेव्हा करंट बॅटरीतूनच येतो.

सुरुवातीला सप्लायवर सीसीचा (करंट स्थिर) दिवा लागतो, बॅटरी भरत आली की सीव्हीचा (व्होल्टेज स्थिर). त्यानंतर करंट हळूहळू उतरतो. १०० मिलिअँपिअरच्या आसपास आला की काढून टाका. सप्लाय आपणहून थांबत नाही, आणि लिथियमला फ्लोटवर, म्हणजे भरल्यावरही सतत जोडून, ठेवायचं नसतं. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड मात्र १३.६ वर खुशाल राहते.

पॅकमध्ये बॅलन्सिंग (सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणारी सोय) नसेल तर एकूण १२.६ दिसत असतानाही एखादा सेल ४.३५ वर असू शकतो. प्रत्येक सेल वेगळा मोजा.

आणि सप्लाय बंद करण्याआधी बॅटरी सोडवा. काही सप्लायमध्ये करंट उलटा शिरतो. माझा एक असाच गेला, वीज गेली तेव्हा. आता मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकतो, व्होल्टेज डायोडच्या पलीकडे मोजून.