चिवावा आणावा का? घरात सात वर्षांची मुलगी आहे

दुपारचा चहा:
ठाण्यात दोन बेडरूमचं घर, चौथा मजला. नवरा, मी, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि लेक. लेकीने वर्षभर कुत्र्यासाठी धोशा लावलाय. लॅब्रॅडॉर (लॅब) आणला तर आम्ही राहायचं कुठे, म्हणून शोधत शोधत चिवावावर येऊन ठेपलो. दोन-अडीच किलोचा जीव, फार फिरवावं लागत नाही, लिफ्टमध्ये कुणी अंग चोरत नाही, असा आपला साधा हिशोब. पण ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "लहान मूल आहे त्या घरात चिवावा? वेडी का गं तू?" ज्यांनी पाळलाय त्यांनी सांगा. (उच्चार चिवावाच ना? सासूबाई 'चिवडा' म्हणतात.)

निवांत:
डोळे मिटून आणा. आमचा बटाटा नऊ वर्षांचा आहे, वजन २.४ किलो. आई मेथी निवडायला बसली की तिच्या मांडीवर चढतो आणि शेवटची काडी निवडून होईपर्यंत हलत नाही. खाणं म्हणाल तर दिवसाला मूठ-दीड मूठ. मूळचा मेक्सिकोचा, चिवावा नावाच्या राज्यावरूनच नाव पडलं, त्यामुळे उन्हाचा त्याला त्रास कमी. थंडीत मात्र स्वेटर लागतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये धापा टाकणारे हस्की पाहिले की पाळणाऱ्यांची कीव येते. नीट सांभाळला तर १४-१६ वर्षं साथ देतो. लेक कॉलेजात जाईल तेव्हाही असेल.

रोखठोक:
बटाटा मोठ्या माणसांच्या घरात वाढलाय हे सांगायचं राहिलं वाटतं. चिवावा चावतो. उगाच बोलत नाही. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २००८ सालचा अभ्यास आहे, तीसेक जातींच्या मालकांना प्रश्नावली देऊन केलेला. माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर धावून जाण्यात डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल आघाडीवर निघाले. माझ्या भाचीच्या ओठाला चावा बसलाय. दात इवलेसे, पण जखम साबणाने १५ मिनिटं धुणं आणि रेबीजच्या इंजेक्शनांसाठी धावपळ, ती काही इवलीशी नसते.

शिवाय घरात ७२ वर्षांच्या आजी. रात्री बाथरूमला उठल्या आणि हे पायात घोटाळलं तर?

निवांत:
पायात घोटाळतो, कबूल. आम्ही पट्ट्याला घुंगरू बांधलंय.

पण चावण्याचं बोलायचं तर पूर्ण बोलू. लॅब गुरगुरला की सगळं घर मागे सरतं. चिवावा गुरगुरला की लोक हसतात, मोबाईल काढून रील करतात, वर उचलून पापी घेतात. त्याने 'नको' म्हणून सांगितलेलं कुणी ऐकतच नाही. दहा वेळा गुरगुरून बघतो, अकराव्या वेळी दात लावतो. आणि नाव मात्र त्याचंच खराब.

रोखठोक:
अहो, मग माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत की! मोठ्यांना जे कळत नाही ते सात वर्षांच्या पोरीला कळणार आहे का?

सुईदोरा:
मी जनावरांची डॉक्टर आहे. मला उलटी काळजी आहे. कुत्रा मुलीला काय करेल यापेक्षा मुलगी कुत्र्याला काय करेल याची.

मध्यंतरी माझ्याकडे दहा आठवड्यांचं पिल्लू आलं, जेमतेम ७०० ग्रॅम. मुलाने उभ्याने उचललं, त्याने वळवळून उडी मारली, पुढच्या पायाचं हाड मोडलं. ते हाड पेन्सिलीपेक्षाही बारीक असतं. मुलगा टेबलाशी उभा राहून रडत होता आणि आई त्यालाच ओरडत होती. चूक त्याची नव्हती, कुणी शिकवलंच नव्हतं.

बऱ्याच चिवावांच्या डोक्यावर मधोमध मऊ जागा असते, आपल्या बाळाची टाळू असते तशी, आणि काहींची ती जन्मभर भरत नाही. तिथे नुसता चेंडू लागला तरी धोका. गुडघ्याची वाटी सरकते, मग चालता चालता मधेच लंगडी घालतो. लोकांना ती गंमत वाटते. श्वासनलिका नाजूक, म्हणून दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, ते काढावे लागतात. पिल्लाचं एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी साखर उतरते, झोकांड्या जायला लागतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. आणि कांदेपोह्यांचा घास भरवायचा नाही. कांदा सगळ्याच कुत्र्यांना वाईट, पण एवढ्याशा अंगाला थोडाही जड जातो.

घरात एकच नियम करा: मुलीने जमिनीवर मांडी घालून बसायचं, कुत्रा आला तर आला. उभ्याने उचलायचं नाही, कधीच नाही. आधी तालीम करा. आठवडाभर तिला एक किलो साखरेची पुडी 'पिल्लू' म्हणून सांभाळायला द्या.

आणि कुणी 'टीकप चिवावा' म्हणून जास्त पैसे सांगितले तर उठून या. अशी वेगळी जात नाही, ते मुद्दाम खुरटं ठेवलेलं पिल्लू असतं.

सॅन होजेची सून:
इकडे कॅलिफोर्नियात सरकारी निवाऱ्यांत पाहाल तर पिटबुलांच्या खालोखाल चिवावा आणि त्यांचे संकर. नट्यांच्या पर्समधून डोकावणारे बघून लोकांनी हौसेने घेतले, भुंकायला लागल्यावर नेऊन सोडले. आम्ही तिथूनच चार वर्षांची 'पोळी' आणली. मुलं तेव्हा सहा आणि नऊ. वयाने मोठा कुत्रा घेतला की स्वभाव आधीच कळतो. पिल्लाचं म्हणजे लॉटरी. पण कुत्रा घरातल्या एकाच माणसाचा होतो हे धरून चालायचं. पोळी माझ्या नवऱ्याची. मुलांना ती सहन करते, माझ्याकडे संशयाने बघते.

गावठीचा पुजारी:
एवढा खटाटोप कशाला? रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घ्या. हाडं मजबूत, इथल्या हवेला मुरलेलं, फुकट. आणि लिफ्टची भीती मनातून काढा. पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच सोसायट्यांना कळवलंय की कुत्रा लहान असो की मोठा, बंदी घालता येत नाही.

निवांत:
बंदी नसते हो, पण सेक्रेटरींच्या नजरा असतात.

दुपारचा चहा:
सगळ्यांचे आभार. रविवारी एकाकडे जाऊन आलो. खोक्यात चार पिल्लं, खाली वर्तमानपत्र, कोपऱ्यात वाटीभर दूध. म्हणाला, ४५ दिवसांची आहेत. आठ आठवड्यांच्या आत विकायला बंदी आहे ना, म्हटल्यावर म्हणतो, "मॅडम, लहान आणलं की लळा लागतो." आई दाखवा म्हटलं तर आई गावाला! नवऱ्याने आधी लिफ्टचं बटण दाबलं, मग मला खूण केली.

साखरेची पुडी बुधवारी दिली. लेकीने तिला नाव ठेवलं, टॉवेलात गुंडाळलं, शेजारी झोपवलं. गुरुवारी दोनदा पडली. शुक्रवारी फोन घ्यायला धावताना तिसऱ्यांदा, आणि फुटली. सासूबाई मुंग्या झाडत बसल्या होत्या. लेक म्हणते, "पुडीला गुरगुरता येत नाही, मला कसं कळणार?"

रोखठोक:
पोरगी हुशार आहे. गुरगुरणं म्हणजे सांगणं असतं हे तिला कळलंय, आमच्या ताईला अजून कळलेलं नाही. तरी माझं मत तेच. दोन वर्षं थांबा.

सुईदोरा:
दोन वर्षं कशाला. तिला परत नवी पुडी द्या. आठ वर्षांची कधी होते?

दुपारचा चहा:
मार्चमध्ये. पुडी आणलीये. सासूबाईंनी या वेळी स्टीलच्या डब्यात भरून दिली, तर लेक म्हणाली, "आजी, पिल्लाला झाकण नसतं."