मालक नेमका कोण?

वर एकांनी लिहिलंय की कामगारांच्या हाती कंपनी दिली तर आपल्या साखर कारखान्यांसारखी गत होईल. अहो, पण सहकारी साखर कारखान्याचा मालक ऊस उत्पादक सभासद असतो. बॉयलरवरचा कामगार तिथेही पगारीच, आणि ऊसतोड मजूर तर मुकादमाकडून उचल घेऊन आलेला. सभासदाची मालकी तरी कसली! आमच्याकडच्या वार्षिक सभेत अहवालाचं पहिलं पान उलटायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" होतं, की लगेच जेवणाच्या पंगती.

तुलना करायचीच तर स्पेनमधल्या मोंद्रागोनशी करा, म्हणजे कामगारच सभासद-मालक असलेल्या सहकारी संस्थांच्या समूहाशी. १९५६ पासून चालू आहे. एका सभासदाला एक मत, त्यांनी निवडलेलं मंडळ व्यवस्थापक नेमतं, आणि वरच्या-खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आसपास बांधलेलं. म्हणजे साहेब तिथेही आहेच, फक्त त्याला नेमणारे वेगळे. त्यांची फागोर ही घरगुती उपकरणं बनवणारी संस्था २०१३ मध्ये बुडाली हे खरं, पण तिच्या बऱ्याच सभासदांना बाकीच्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्याचे कामगार १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टातून मालक झाले, तेव्हा त्यांच्या मागे अशी भावंडं नव्हती.