कुठ्ठाळी आणि मंगेशीला पहिल्यांदाच जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव कुठ्ठाळी, पण पणजोबा मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. आता 78 वर्षांच्या बाबांना घेऊन डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच गोव्याला येतोय.

1560 साली पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आणलं, कारण तो भाग, फोंडा महाल, तेव्हा आदिलशाहीत होता. बाबांना आधी मूळ जागेची माती कपाळाला लावायची आहे, मगच मंगेशीला अभिषेक. हा क्रम ते बदलणार नाहीत, आणि मलाही तो पटतो.

आजीच्या पितळी डब्यात एक चिठ्ठी सापडली. मोडी अक्षर, घडीवर फाटलेली, त्यात 'वांगड' (गावातल्या मूळ घराण्यांचा गट) हा शब्द लागतो, पुढचं नाव पुसलंय. महाजनांच्या (देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या) नोंदी बघायला देवस्थानात कोणाला भेटावं? पणजीच्या पुराभिलेखागारात अर्ज कसा करायचा? कुठ्ठाळीत मूळ जागा दाखवणारं जाणतं माणूस कोणी आहे का? मंगेशीच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) तळमजल्यावर खोली मिळेल का? बाबांचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

मडगावला उतरणार आहोत. अनुभव असेल तर जरूर लिहा.