होड्यांचे शिल्प आणि कारागिरी

नेहमीच्या वापरातील वस्तू एकमेकींना जोडून विद्यापीठाच्या आवारात उभ्या केल्या, तर त्यात शिल्पकाराचे कसब ते काय, हा प्रश्न रास्त आहे. मात्र टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील आवारात २०१५ मध्ये उभारलेले अमेरिकी शिल्पकार नॅन्सी रुबिन्स यांचे 'मोनोक्रोम फॉर ऑस्टिन' हे शिल्प पाहिल्यास त्याचे उत्तर बरेचसे मिळते. सुमारे ७० ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, निमुळत्या होड्या) व लहान होड्या पोलादी आधाराला तारांनी जखडून तेथे जवळपास ५० फूट उंचीचा असा काही पुंजका रचला आहे, की तो आता कोसळेल असे वाटत राहते आणि कोसळत मात्र नाही. तारांमधील ताण आणि होड्यांचे वजन यांचा मेळ बसवणे हीच येथील खरी घडाई आहे. होड्यांचा मूळ चंदेरी रंग तसाच ठेवल्यामुळे नजर रंगात न अडकता आकारावर स्थिरावते, हा निर्णय मला विशेष भावतो. (पाण्यावर तरंगणारी वस्तू हवेत टांगण्यातला खट्याळपणा वेगळाच!) छिन्नी चालवली नाही एवढ्यावरून याला नुसती जुळवाजुळव म्हणणे मला पटत नाही.