एआयच्या काळात स्वाध्याय कसे द्यावेत?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. कापसाच्या हमीभावावरील स्वाध्याय तपासताना सात वह्यांत, निळ्या शाईच्या सुवाच्य अक्षरांत, एकच वाक्य सापडले : ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की...’. मुलांनी चॅटजीपीटीवरून उतरवले, हे उघड आहे. पण शिक्षा करण्याऐवजी मी माझे शिकवणेच कसे बदलावे?

उत्तर १ : मॅडम, एआयचे लेखन ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कोणाचेही गुण कापू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने आपले असे साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले.

उत्तर २ : प्रश्नच बदलावा, असे मला अनुभवाने वाटते. घरच्या एका एकराचा हिशेब मागावा : बियाणे, डवरणी, फवारणी, वेचणीची मजुरी आणि विक्रीच्या दिवशीचा भाव. (भूमिहीन घरांतील मुलांना आईच्या मजुरीचा हिशेब मांडू द्यावा, तोही तितकाच मोलाचा आहे.) मग तोच हिशेब वर्गात चॅटजीपीटीला मांडायला सांगून दोन्ही ताडून पाहावेत. चॅटजीपीटीने वेचणीचा खर्च एकदाच धरला आहे, प्रत्यक्षात कापूस तीन-चार वेळा वेचावा लागतो, ही चूक माझ्या वर्गातील एका मुलीने फळ्यावर मांडून दाखवली.

उत्तर ३ : प्राध्यापकांसाठी मोठ्या व्याख्यानापेक्षा, प्रत्येकाने स्वतःची प्रश्नपत्रिका एआयला सोडवायला देऊन उत्तरे तपासण्याची बैठक आमच्याकडे अधिक उपयोगी पडली.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पुढचा स्वाध्याय वेचणीच्या हिशेबाचाच देते, आणि प्रत्येकाला त्यावर पाच मिनिटे तोंडी विचारते.