जिब : ती की ते? बसवायची, लावायची की चढवायची?

बेलापूरवासी : जुनी होबी १४ घेतली आहे, म्हणजे शिडाची कॅटामरान, चौदा फुटी, दोन सांगाड्यांची. मूळ रचनेत तिला एकच शीड. मी आणि लेक असे दोघंच जातो, त्यामुळे पुढे एक लहान जिब, म्हणजे डोलकाठीपुढचं तिकोनी शीड, हवी आहे. काम करणाऱ्याला मराठीत यादी लिहून द्यायची म्हटलं, तर पहिल्याच ओळीत अडलो. ‘जिब बसवणे’ की ‘चढवणे’? ‘ती जिब’ की ‘ते जिब’? पुढचं शीड म्हटलं तर चालेल का?

शब्दवेडा_ठाणे : शीड नपुंसकलिंगी, म्हणून काही जण ‘ते जिब’ म्हणतात. पण कानाला ‘ती’च बरी वाटते, कदाचित जीभ जवळ असल्यामुळे. नातं मात्र काही नाही. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आहे. न्हावा शेव्याकडे क्रेनच्या पुढे काढलेल्या हातालाही जिबच म्हणतात, तेव्हा यादीत ‘जिब-शीड’ लिहा. ‘जिब-शीड’ लिहिलंत की लिंग आपोआप नपुंसक होतं, वादच मिटतो.

दिवाळेकर : क्रियापदाचं सांगतो. बसवणं एकदाच होतं : पुढच्या तणाव्याची (डोलकाठी पुढून ताणून धरणाऱ्या तारेची) जोडणी, कप्प्या, दोऱ्या अडकवायच्या चिमट्या. चढवणं दर वेळी, पाण्यात निघताना. ‘लावली’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात आणि बिलावरून भांडण होतं.

खलाशीनातू : जुन्या खलाशी बोलीत पुढच्या डोलाला, म्हणजे डोलकाठीला, आणि त्याच्या शिडाला ‘त्रिकट’ म्हणत, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. तो का नको?

दिवाळेकर : कारण त्रिकटाला स्वतःचा डोल लागतो. इथे डोलकाठी एकच, जिब नुसती पुढच्या तणाव्याला धरून असते. आणि डोल म्हणाल तर आमच्याकडे निम्मी माणसं मासे धरायचं डोलजाळं समजतील.

घोडबंदरकर : या होडीलाच मराठी नाव का देत नाही? ‘उलांडीची होडी’!

शब्दवेडा_ठाणे : उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, एक मोठं अंग आणि एक आधार. कॅटामरानला दोन्ही अंगं सारखी. शब्द तमिळ ‘कट्टुमरम’पासून, म्हणजे बांधलेली लाकडं. मांडव्याला जाणाऱ्यांच्या तोंडी तो रुळलेला आहे, बदलू नये.

रिगवाला_वाशी : शब्द ठीक, पण यादीत काय यायला हवं तेही बघा. जिब कशासाठी? दोन अरुंद सांगाडे पटकन वळत नाहीत. वाऱ्यासमोर वळताना एका शिडाची होडी मध्येच अडकते आणि मागे सरकू लागते. जिब थोडा वेळ जुन्या बाजूलाच धरून ठेवली की वारा तिच्यावर उलटा बसतो आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पलीकडे ढकलली जाते. होबी १४ चं ‘टर्बो’ रूप जिबसह आलं होतं, होबी १६ ला ती पहिल्यापासूनच.

पण जिबची पुढची कड ताठ राहण्यासाठी तणावे कडक ओढावे लागतात. तो सगळा ताण सांगाड्यांवरच्या कड्यांवर आणि डोलकाठीच्या बुडावर येतो. जुन्या फायबरमध्ये कड्यांभोवती केसासारख्या चिरा आहेत का, ते आधी बघा. मग शिडाचं माप. आणखी एक : फक्त मागचं शीड असेल तर सुकाणू सोडल्यावर होडी आपसूक वाऱ्याकडे तोंड करते. मूल सोबत असताना हीच सवय हवी. जिब मोठी झाली तर उलट होतं, होडी वाऱ्याकडे पाठ करून पळत सुटते. म्हणून जिब लहान घ्या, डोलकाठी किंचित मागे कलती ठेवा. गुंडाळता येणारी जिब मिळाली तर तीच घ्या. वारा वाढला की बसल्या जागेवरून मिटता येते.

बेलापूरवासी : ‘वाऱ्यासमोर वळणं’ छान, हेच लिहितो. एक प्रश्न : क्लबवाले ‘जिबशीट ओढ’ म्हणतात तेव्हा लेक शिडाचं कापड धरते.

खलाशीनातू : शीट म्हणजे दोरी, कापड नव्हे. नवा माणूस हमखास फसतो. जुन्यांचा शब्द ‘दामण’. फारसी दामन म्हणजे वस्त्राचा पदर, आणि ही दोरी शिडाच्या खालच्या कोपऱ्यालाच बांधलेली. जिबला दोन दामणी, डावी आणि उजवी.

दिवाळेकर : दामण चांगला. पण पोरीला हुकूम देताना ‘सोड’ म्हणू नका. ती दोरी खरंच हातातून सोडून देईल आणि जिब फडफडत राहील. पतंगवाल्यांचं ‘ढील दे’ आणि ‘ओढ’ वापरा, संक्रांतीला तिने केलेलंच असेल. पुरती मोकळी करायची असेल तेव्हाच ‘सोड’.

रिगवाला_वाशी : आणि पहिल्यांदा भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत जा, उधाणात नको. खाडीत उधाणाची सुकती (ओहोटी) लागली की जोर फार असतो. चिखलावर बसलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच.

बेलापूरवासी : यादी अशी झाली : जिब-शीड, लहान, गुंडाळायचं, बसवणे, पुढच्या तणाव्यासह, दामणी दोन, कडी तपासणे. ‘चढवणे’ काढलं, ते मी करीन.